लेसोथोच्या डोंगरगावांत परदेशी स्वयंसेवकांचे दिवस

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील खेड्यांत परदेशी स्वयंसेवक राहतात, ही गेल्या साठ वर्षांत तिथे रुळलेली गोष्ट आहे. मलावी, झांबिया, बोत्स्वाना, एस्वातिनी, नामिबिया आणि लेसोथो या देशांतल्या कितीतरी गावांनी दूरदेशीच्या एखाद्या शिक्षकाला, परिचारिकेला किंवा शेतीच्या कार्यकर्त्याला दोन वर्षांसाठी आपल्यात सामावून घेतले आहे. अशा स्वयंसेवकाने काय काम केले याच्या नोंदी अहवालांत सापडतात. तो तिथे कसा राहिला, पाणी कुठून आणले, काय खाल्ले, कोणाकडून शिकला, हे मात्र अहवालांत क्वचितच येते. या उपक्रमाचे यशापयश बहुतांशी याच रोजच्या गोष्टींवर ठरते. लेसोथो या छोट्या डोंगराळ देशाच्या उदाहरणावरून ते चांगले समजते.

स्वयंसेवेची परंपरा

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले. त्यांना शिक्षक, परिचारिका, तंत्रज्ञ हवे होते. त्याच सुमारास श्रीमंत देशांतल्या तरुणांना जग पाहण्याची आणि काही उपयोगी काम करण्याची ओढ होती. ब्रिटनमध्ये १९५८ साली अ‍ॅलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था सुरू केली. आरंभी ती शाळा संपवलेल्या मुलांना वर्षभरासाठी परदेशी पाठवत असे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ची स्थापना केली. जपानने १९६५ साली अशीच सरकारी योजना सुरू केली, तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली स्वतःच्या स्वयंसेवक कार्यक्रमाला मंजुरी दिली. पीस कोअरमधून आजवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक लोक एकशे चाळीसपेक्षा जास्त देशांत राहून आले आहेत.

भारतातही १९६१ ते १९७६ या काळात पीस कोअरचे स्वयंसेवक होते. त्यांच्यातले मुंबईशी जोडलेले सर्वांत परिचित नाव लिलियन कार्टर यांचे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या या आईने १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, परिचारिका म्हणून येण्याचे ठरवले आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आरोग्यसेवेचे काम केले. पुढे त्यांचा पणतू जेसन कार्टर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पीस कोअरमध्येच गेला. त्याची नेमणूक दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकात, स्वाझीलँडच्या, म्हणजे आजच्या एस्वातिनीच्या, सरहद्दीजवळच्या लोकील या खेड्यात झाली. तिथल्या वास्तव्यावर त्याने पुस्तकही लिहिले. एकाच घराण्यातल्या या दोन अनुभवांवरून या कामाला वयाचे बंधन नाही आणि ठरावीक साचाही नाही, हे लक्षात येते.

देश आणि त्याचे डोंगर

लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकाने वेढलेला देश आहे. क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, आणि २०१६ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २० लाख. देशातला सर्वांत सखल भागदेखील समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. सर्वांत उंच शिखर थाबाना न्तलेन्याना ३,४८२ मीटरचे. या उंचीमुळे तिथे मलेरिया नाही. हिवाळ्यात मात्र डोंगरांवर बर्फ पडतो, आणि आफ्रिका म्हणजे रखरखीत ऊन अशी समजूत घेऊन आलेल्या नवख्याला पहिली खरेदी जाड घोंगडीची करावी लागते.

गावांची आजची स्थिती समजण्यासाठी थोडा इतिहास माहीत असावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युद्धांनी विखुरलेल्या टोळ्यांना मोशोएशोए या राजाने एकत्र आणले. १८२४ साली त्याने थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाणे वसवले आणि बासोथो राष्ट्राचा पाया घातला. पुढे डच वंशाच्या बोअर वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांत पश्चिमेकडची सुपीक जमीन गेली. उरलेला प्रदेश १८६८ साली ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आला आणि ४ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला. लागवडीजोगी जमीन जेमतेम दहा टक्के राहिली. तीही धुपीने खचत गेली आणि डोंगरउतारांवर खोल घळी पडल्या. पोटासाठी पुरुष शेजारच्या देशातल्या सोन्याच्या खाणींत गेले. १९९० च्या सुमारास लाखाहून अधिक बासोथो पुरुष त्या खाणींत होते. पुढे खाणींतल्या नोकऱ्या घटल्या आणि बरेचसे घरी परतले. याच काळात एचआयव्हीची साथ पसरली. आज अनेक घरांचा भार आजीवर आहे, तो या सगळ्याचा परिणाम आहे.

पीस कोअरचे स्वयंसेवक स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, १९६७ साली, लेसोथोत आले. त्यांतले बहुतेक जण शिक्षण आणि आरोग्य या क्षेत्रांत काम करतात.

आधी भाषा, मग काम

पीस कोअरच्या स्वयंसेवकाचा करार साधारण २७ महिन्यांचा असतो. त्यातले पहिले दोन-तीन महिने प्रशिक्षणाचे. हे प्रशिक्षण शहरातल्या वसतिगृहात होत नाही. नवागत एखाद्या गावात स्थानिक कुटुंबाबरोबर राहतात आणि सकाळी तिथेच भाषेच्या वर्गाला बसतात. इथली सेसोथो भाषा रोमन लिपीत लिहितात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मिशनऱ्यांनी तिचे लेखन बसवले. त्या लेखनात ‘इ’ आणि ‘उ’ या स्वरांआधी येणारा ‘ल’ उच्चारताना ‘द’सारखा होतो, त्यामुळे लिहिलेले आणि ऐकलेले जुळवायला वेळ लागतो. त्यात जीभ टाळूवरून ओढून काढायचा टक् असा एक ध्वनीही आहे. तो घरातली लहान मुले नवख्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात.

भाषेबरोबर नातीही शिकावी लागतात. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘न्ताते’ म्हणजे बाबा, बाईला ‘म्मे’ म्हणजे आई, बरोबरीच्यांना ‘अबूती’ आणि ‘आउसी’, म्हणजे भाऊ आणि बहीण, तर आजीला ‘न्खोनो’ म्हणतात. अनोळखी माणसालाही याच नात्याने हाक मारायची असते. नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे ठरते. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला थांबून ‘दुमेला’ म्हणायचे, ख्यालीखुशाली विचारायची, कुठून आलात आणि कुठे निघालात हे सांगायचे. आपल्याकडे खेड्यात ‘काय पाव्हणं, कुठं निघालात?’ असे विचारतात, त्यामागे चौकशीपेक्षा दखल असते. तसेच इथेही आहे. नमस्कार न करता घाईने पुढे गेलेल्या माणसाबद्दल गावाचे मत लवकर बनते आणि ते बदलायला फार वेळ लागतो.

यजमान कुटुंब नवागताला सेसोथो नाव देते. थाबो म्हणजे आनंद, लेराटो म्हणजे प्रेम, पालेसा म्हणजे फूल, म्फो म्हणजे देणगी. त्यापुढे कुटुंबाचे आडनाव लागते. त्या दिवसापासून पंचक्रोशीत तो माणूस याच नावाने ओळखला जातो. नावाबरोबर जबाबदाऱ्याही येतात. घरच्या मुलाने किंवा मुलीने जसे वागावे तसे वागण्याची अपेक्षा असते. अंधार पडायच्या आत घरी यावे, कुठे जातो ते सांगून जावे, पाहुण्यांना बसायला द्यावे. प्रौढ वयात पुन्हा कोणाचे तरी मूल होणे अनेकांना जड जाते. याच नात्यामुळे गाव पुढची दोन वर्षे त्यांची काळजी घेते.

घर, पाणी, चूल

प्रशिक्षण संपल्यावर नेमणुकीचे गाव ठरते. घर गावानेच द्यायचे असते. बहुधा ते यजमान कुटुंबाच्या अंगणातले एका खोलीचे घर असते. जुन्या पद्धतीचे घर गोल, दगडी भिंतींचे आणि गवताने शाकारलेले. आतून भिंती लिंपलेल्या आणि जमीन शेणाने सारवलेली असते. बाहेरच्या भिंतींवर बायका बोटांनी किंवा काट्यांनी ओल्या लिंपणात भौमितिक नक्षी काढतात. या कलेला ‘लितेमा’ म्हणतात. जाड भिंती आणि गवती छप्पर यांमुळे असे घर उन्हाळ्यात गार राहते आणि थंडीत ऊब धरते. नव्या चौकोनी, पत्र्याच्या घरात ही सोय नसते. उन्हात ते तापते आणि रात्री गारठते.

पाणी सार्वजनिक नळावरून किंवा झऱ्यावरून आणायचे. वीस लिटरची बादली डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बायका-मुलींबरोबर स्वयंसेवकही रांगेत असतो. पहिल्या आठवड्यात त्याचे निम्मे पाणी वाटेतच सांडते. पाणी उकळून किंवा गाळून प्यायचे. आंघोळ प्लॅस्टिकच्या घमेल्यात, तेच पाणी कपड्यांना आणि शेवटी भाजीच्या वाफ्याला. लेसोथो हा पाण्याने समृद्ध देश आहे. १९८६ च्या करारानुसार डोंगरांतले पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेच्या औद्योगिक पट्ट्याला विकले जाते, आणि त्यासाठी बांधलेले कात्से धरण १८५ मीटर उंच आहे. तरीही अनेक वाड्यांना पाणी डोक्यावरून आणावे लागते. या विषमतेबद्दल गावकरी उघडपणे बोलतात आणि स्वयंसेवकाला त्या बोलण्यातून देशाच्या अर्थकारणाची पहिली ओळख होते.

संडास अंगणाच्या टोकाला, खड्ड्याचा. झाडे विरळ असल्याने सरपण कमी. गोठ्यातले वाळलेले शेण कापून गावकरी जळणाला वापरतात. स्वयंसेवकाकडे बहुधा गॅसची छोटी शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह असतो. वीज अनेक गावांत आली आहे, अनेकांत नाही. तिथे सौर दिवा आणि मोबाइल चार्ज करून देणारा गावातला दुकानदार यांच्यावर भिस्त असते. मोबाइलची रेंज कुठल्या टेकाडावर मिळते हे प्रत्येक गावाला ठाऊक असते.

रोजचे जेवण म्हणजे ‘पापा’. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी दांड्याने घोटत घट्ट शिजवायचे. त्याबरोबर ‘मोरोहो’, म्हणजे बारीक चिरून तेलात परतलेली पालेभाजी. हाताने पापाचा घास मोडून भाजीबरोबर खातात. सकाळी ज्वारीच्या पिठाची आंबवलेली पातळ पेज, ‘मोतोहो’. कडधान्ये आणि मका एकत्र उकडून केलेले ‘दिखोबे’ थंडीत हमखास असते. शाळेच्या फाटकाशी बायका ‘माक्वेन्या’ विकतात. हे मैद्याचे तळलेले गोळे मुलांच्या आणि शिक्षकांच्या मधल्या सुट्टीचा आधार आहेत. मांस लग्नकार्याला किंवा अंत्यविधीला. ज्वारीची बिअर ‘जोआला’ घरोघरी बनते. ज्या घरी ती तयार आहे तिथे उंच काठीला पांढरे फडके बांधतात.

शाळेचा दिवस

दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. गुराखी मुले मेंढ्या-गुरे घेऊन निघतात, त्यांच्या शिट्ट्या डोंगरभर ऐकू येतात. शाळेची मुले गणवेशात, काही तासभर चालून येतात. लेसोथोतल्या बहुतेक शाळा चर्चच्या मालकीच्या असून शिक्षकांचे पगार सरकार देते. सकाळच्या परिपाठाला प्रार्थना आणि गाणे असते. कोणतेही वाद्य नसताना शंभर मुले तीन-चार स्वरांत सहज गातात आणि संगीत शिकलेल्या परक्या माणसालाही त्याचे आश्चर्य वाटते.

प्राथमिक शिक्षण सात वर्षांचे आहे. २००० सालापासून ते टप्प्याटप्प्याने मोफत झाले आणि २०१० च्या कायद्याने सक्तीचे झाले. पहिल्या तीन वर्षांत माध्यम सेसोथो, चौथीपासून इंग्रजी. हा बदल मुलांना फार अवघड जातो. अनेक मुले इंग्रजी वाक्ये सुरेख अक्षरात उतरवतात, पण त्यांचा अर्थ विचारला की गप्प बसतात. इंग्रजी आणि गणित या विषयांसाठी स्वयंसेवक मागवले जातात ते यासाठीच. वर्गात मुले जास्त, पुस्तके कमी. शिकवण्याची साधने जवळपासच्या वस्तूंतून करावी लागतात. बाटल्यांची झाकणे मोजणीला, पुठ्ठ्यावर अक्षरे, भिंतीवर हाताने रंगवलेला जगाचा नकाशा.

नियमानुसार स्वयंसेवकाने एकट्याने वर्ग चालवायचा नसतो. त्याला एक स्थानिक जोडीदार शिक्षक दिलेला असतो. दोघांनी मिळून पाठ तयार करायचा, आळीपाळीने शिकवायचा. हे जमले तर नव्या पद्धती स्वयंसेवक गेल्यावरही टिकतात. पण कधी जोडीदाराची बदली होते, कधी तो या फुकटच्या मदतनिसावर सगळे तास सोपवून मोकळा होतो. छडीचा प्रश्नही नेहमीचा. कायद्याने तिला आळा घातला तरी ती सवय पूर्ण गेलेली नाही. आल्या आल्या विरोधाचा झेंडा उभारणाऱ्याचे शिक्षकखोलीत कोणी ऐकत नाही. छडीविना शांत राहणारा वर्ग सहकाऱ्यांना रोज दाखवणाऱ्याकडे मात्र वर्षाअखेर एखाददुसरा शिक्षक युक्ती विचारायला येतो.

मुलांपेक्षा मुली शाळेत जास्त टिकतात, हे लेसोथोचे वैशिष्ट्य. कारण गुरे राखायचे काम मुलांकडे असते. काही मुले उन्हाळाभर उंच डोंगरांतल्या गोठ्यांवर एकटी राहतात. अंगावर घोंगडी, हातात काठी, सोबत कुत्री. त्यांच्यासाठी काही ठिकाणी रात्रशाळा चालतात. दगडांच्या सोंगट्यांनी खेळायच्या ‘मोराबाराबा’ या पटाच्या खेळात हीच मुले भल्याभल्यांना हरवतात. शाळेने नाकारलेल्या बुद्धीचा अंदाज स्वयंसेवकाला इथे येतो.

दवाखान्याचे काम

प्रौढांमधील एचआयव्हीच्या प्रमाणात एस्वातिनीखालोखाल लेसोथोचा क्रमांक लागतो. दर पाच प्रौढांमागे सुमारे एक व्यक्ती बाधित आहे. एका पिढीचे आईवडील या आजाराने गेले. शुक्रवारी रात्री जागरण आणि शनिवारी दफन, हा गावाचा आठवड्याचा क्रमच बनला. अंत्यविधीच्या खर्चासाठी बायका ‘म्पाते शेलेंग’ नावाच्या भिश्या चालवतात. मयतीला सगळे गाव जाते, आणि स्वयंसेवकानेही जायचे असते. तिथे त्याचे काहीच काम नसते, पण त्याचे येणे सगळ्यांच्या लक्षात राहते.

औषधे आल्यानंतर चित्र बदलले. २०१६ पासून चाचणीत बाधा आढळली की वाट न पाहता लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण लेसोथोने स्वीकारले. बाधितांपैकी बहुसंख्य आज उपचारावर आहेत आणि गोळी रोज घेणारे लोक चांगले जगतात. डोंगरातल्या दवाखान्यात बहुधा डॉक्टर नसतो, परिचारिकाच सर्व काही पाहते. वाड्या-वाड्यांवर आरोग्यसेविका फिरतात. उपचाराचे काम त्यांचे. स्वयंसेवकाला औषध देण्याचा अधिकार नसतो. त्याच्या वाट्याला त्याभोवतीचे काम येते. आधाराचे गट भरवणे, नोंदवही लावून देणे, गोळ्या चुकवणाऱ्यांचा माग काढायला आरोग्यसेविकेबरोबर चालत जाणे आणि तरुणांशी मोकळेपणाने बोलणे.

मुलांशी लैंगिकतेबद्दल बोलणे घरात अवघड असते. फुटबॉलच्या खेळांतून, मुलींच्या निवासी शिबिरांतून ते बोलणे सोपे होते. ‘ग्लो’ नावाची मुलींची शिबिरे पीस कोअरच्या अनेक देशांत होतात. तिथे शरीर, नकार देण्याचा हक्क, शिक्षण आणि पुढची स्वप्ने यांवर मुली बोलतात. परका माणूस गावच्या नात्यागोत्यात अडकलेला नसल्यामुळे काही प्रश्न त्याला विचारता येतात. त्याच्या परकेपणाचा हा खरा उपयोग आहे.

गावाचे ऐकणे

गावाचा कारभार मुखियाकडे असतो. त्याला ‘मोरेना’ म्हणतात, आणि कित्येक गावांत ही जबाबदारी बाई सांभाळते. नव्या माणसाने आधी तिथे हजेरी द्यायची. मग गावसभा, म्हणजे ‘पित्सो’, बोलावली जाते आणि त्याची ओळख करून दिली जाते. सभेत कोणीही बोलू शकतो. मोशोएशोएच्या काळापासून ही प्रथा आहे. ओळखीनंतर पहिले तीन महिने कोणताही प्रकल्प सुरू करू नये, असा पीस कोअरचा सल्ला असतो. त्या काळात घरोघरी जायचे आणि ऐकायचे.

ऐकण्याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. जमिनीवर किंवा कागदावर गावकऱ्यांकडून गावाचा नकाशा काढून घेतात. पुरुषांचा आणि बायकांचा नकाशा वेगवेगळा येतो. पुरुष कुरणे आणि रस्ते दाखवतात, बायका झरे आणि दवाखाना. वर्षभराच्या कामाचे, पावसाचे, आजारांचे आणि उपासमारीच्या महिन्यांचे वेळापत्रक मांडतात. बायकांच्या आणि पुरुषांच्या दिवसाचे तास शेजारी शेजारी लिहिले की कोण किती राबते ते सगळ्यांना समोर दिसते. मग गरजांचा क्रम गावाने लावायचा. ‘मला काय शिकवता येईल’ या प्रश्नापासून सुरुवात करणारा स्वयंसेवक बहुधा फसतो. ‘इथे आधीपासून काय चालले आहे’ असे विचारणाऱ्याला धागा सापडतो.

लेसोथोत रुजलेली कुलूपछिद्री बाग हे याचे चांगले उदाहरण. दगडांचा कमरेइतक्या उंचीचा गोल ओटा रचतात. त्याला एका बाजूने आत जाण्यापुरती खाच ठेवतात, म्हणून वरून तो कुलपाच्या छिद्रासारखा दिसतो. मधोमध गवताची किंवा काठ्यांची टोपली उभी करून तिच्यात राख, शेण आणि घरचा ओला कचरा टाकतात आणि धुण्या-भांड्यांचे पाणी ओततात. ओलावा आणि खत तिथून सगळीकडे झिरपते. दगड दिवसाची ऊब धरून ठेवतात, त्यामुळे थंडीतही भाजी तग धरते. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला वाकावे लागत नाही. सामान सगळे गावातले, खर्च जवळजवळ नाही. एका घरी बाग झाली की शेजारीण ती पाहते आणि पुढची बाग स्वतः रचते. स्वयंसेवकाने एवढेच करायचे की पहिल्या चार-पाच घरांत दगड वाहायला जायचे.

वाट, बाजार आणि ऋतू

गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला मिनीबस टॅक्सी असते. ती भरल्याशिवाय सुटत नाही. आत माणसे, पिठाची पोती, कोंबड्या आणि मोठ्याने लावलेले संगीत. रस्ता संपतो तिथून पायी किंवा घोड्यावर. बासोथो तट्टे डोंगरवाटांवर पक्की आहेत आणि आजही वाहतुकीचे खरे साधन आहेत. वाहन चालवायला किंवा मोटारसायकलवर बसायला पीस कोअरच्या स्वयंसेवकांना मनाई असते.

चलन लोती. त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडइतकीच असते आणि दोन्ही चलने चालतात. स्वयंसेवकाला पगार नसतो. शेजाऱ्यांच्या पातळीवर जगता येईल इतका निर्वाहभत्ता मिळतो. महिनाअखेरी जिल्ह्याच्या गावी बँकेसमोर शिक्षक आणि पेन्शन घ्यायला आलेले म्हातारे यांच्याबरोबर रांगेत उभे राहायचे, महिन्याचे सामान घ्यायचे, इतर स्वयंसेवकांना भेटायचे आणि शेवटची टॅक्सी चुकू द्यायची नाही.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू उलटे. ऑक्टोबर ते मार्च उन्हाळा आणि पाऊस. गारा आणि विजांची वादळे भयंकर असतात. उघड्या माळावर गुराखी आणि जनावरे विजेने मरतात. जून ते ऑगस्ट कडक थंडी. तेव्हा लोकरीची घोंगडी हाच सगळ्यांचा पोशाख. मक्याच्या कणसाची किंवा राजमुकुटाची नक्षी असलेली ही घोंगडी लग्नात, बाळंतपणात, मुलाच्या दीक्षाविधीत दिली जाते. पुरुष ती खांद्याशी अडकवतात, बायका छातीशी. स्वयंसेवकाला गावाने घोंगडी पांघरली, तर तो मान समजायचा. ११ मार्चला मोशोएशोए दिन आणि १७ जुलैला राजाचा वाढदिवस असतो. त्या सुमारास घोड्यांच्या शर्यती होतात आणि सगळी पंचक्रोशी लोटते.

अडचणी

पहिल्या सहा महिन्यांत एकटेपणा सर्वांत मोठा. संध्याकाळी सहाला अंधार, दार बंद, आणि भाषा अजून अपुरी. घरी कुणी आजारी पडले, कुणाचे लग्न ठरले, तर कळते ते उशिरा. काहीजण मुदतीआधीच परततात. जे राहतात त्यांची महिन्याला दोन दिवस या हिशेबाने रजा साठते.

खाजगीपणाची कल्पना सोडावी लागते. नव्या माणसाकडे कोण आले, त्याने काय विकत घेतले, हे गावाला माहीत असते. तरुण स्त्रियांना लग्नाच्या मागण्या आणि वाटेवरची छेडछाड सोसावी लागते. अशा वेळी यजमान आई किंवा मुखियाची बायको चार शब्द सुनावते, त्याचा उपयोग कोणत्याही तक्रारअर्जापेक्षा जास्त होतो. रात्री एकट्याने फिरायचे नाही, हा नियम सर्वांना लागू. आशियाई वंशाच्या स्वयंसेवकाला लोक चिनी दुकानदार समजतात, कृष्णवर्णीय स्वयंसेवकाकडून लगेच अस्खलित सेसोथोची अपेक्षा करतात. आपण कोण आहोत हे त्यांना रोज नव्याने सांगावे लागते.

मागण्यांचा प्रश्नही कठीण. परक्याकडे पैसा असणार, असे गृहीत धरले जाते आणि तुलनेने ते खरेही असते. एका मुलाची फी भरली तर दुसऱ्याला काय सांगायचे? अनुभवी लोक व्यक्तीला रोख मदत टाळून शाळेच्या किंवा गटाच्या कामात हातभार लावतात. तरीही भुकेल्या मुलासमोर हा नियम पाळताना मनाला त्रास होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा.

या कामाचे मोल

या उपक्रमावर रास्त टीका होते. दोन वर्षे थोडी आहेत. भाषा जमू लागते तोवर निघायची वेळ येते. अनुभव नसलेला पदवीधर प्रशिक्षित स्थानिक शिक्षकाची जागा अडवू शकतो. निधी आणून बांधलेली इमारत देखभालीविना पडते. परक्यावर अवलंबून राहायची सवय लागते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पीस कोअरने साठहून अधिक देशांतल्या सुमारे सात हजार स्वयंसेवकांना काही दिवसांत माघारी बोलावले, तेव्हा ही टीका कसोटीला लागली. जी कामे एका माणसाभोवती उभी होती ती थांबली. जी गावकऱ्यांच्या हातात होती ती चालू राहिली. दोन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये स्वयंसेवक पुन्हा पाठवायला सुरुवात झाली. पहिले दोन देश होते डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि झांबिया.

या अनुभवातून निघणारे धडे सरळ आहेत. स्वयंसेवकाने गावाने मागितलेले काम करावे, स्थानिक जोडीदाराबरोबर करावे आणि आपण नसलो तरी चालेल अशा रीतीने करावे. गावाकडून त्याला घर, भाषा, नाव, संरक्षण आणि माया मिळते. हे देणे मोठे आहे आणि ते देणारे लोक स्वतः गरीब आहेत, याचे भान त्याला असले पाहिजे. म्हणून मदतीच्या हिशेबात देणारे आणि घेणारे असे दोन कायमचे पक्ष करता येत नाहीत. पाण्याची बादली उचलणे, मयतीला जाणे, वाटेत थांबून नमस्कार करणे ही कामाआधीची तयारी वाटते, पण गावाचा विश्वास यातूनच मिळतो. शिकवलेले इंग्रजी, रचलेली बाग आणि गोळ्या न चुकवणारा रुग्ण ही सारी त्या विश्वासाची फळे आहेत.